चारशे बारा नमुने

इस्पितळाचे अधीक्षक सहसा वॉर्डांमधून फिरत नसत. फिरलं की काहीतरी दिसतं, आणि दिसलं की काहीतरी करावं लागतं, हे ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. पण पुढच्या आठवड्यात वरून तपासणी समिती यायची होती, म्हणून त्या मंगळवारी ते निघाले, आणि चार नंबरच्या वॉर्डात त्यांना एक म्हातारा जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेला दिसला. त्याच्या शेजारी अकरा नंबरची खाट रिकामी. चादर ताठ, उशी टम्म, आणि स्टुलावर जेवणाचं झाकलेलं ताट.

"याला खाली का झोपवलंय?"

"खाट नाही, साहेब," वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या.

"मग ही काय आहे?"

"तिथे पेशंट आहे ना."

अधीक्षकांनी वाकून खाटेखाली पाहिलं. "कुठे आहे?"

"संगणकात," सिस्टर म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना चेष्टा करायला वेळच नसतो. "दोन महिने झाले, त्याला कुणी घरी सोडलेलं नाही. आणि घरी सोडल्याशिवाय खाट मोकळी होत नाही. ताट मात्र वेळेवर येतं."

म्हाताऱ्याला त्याच दिवशी अकरा नंबर मिळाला. शुक्रवारी तो पुन्हा मोकळा झाला, कारण दोन रात्रींच्या गार फरशीनं म्हाताऱ्याच्या छातीत कफ भरला होता. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. अधीक्षकांनी विचारलं ते एवढंच, की हा संगणकातला पेशंट कुणाचा? आणि सगळ्या बोटांनी एकाच दिशेला दाखवलं: नोंदसाहेब.

नोंदसाहेब म्हणजे नोंदणी विभागाचे मुख्य कारकून. तीस वर्षं तीच खिडकी, तोच गोल शिक्का. त्यांच्या हातून कधी एक वेलांटी चुकली नाही, असं ते स्वतः सांगत, आणि दुसरं कुणी सांगत नसल्यामुळे जरा जास्तच सांगत. बोलावणं आलं तेव्हा मात्र ते जागेवर नव्हते. ते तळमजल्यावरच्या बाकावर बायकोशेजारी बसले होते. बायकोच्या छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली होती. दोन महिने तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमचं ते संगणकाचं चाललं होतं ना." आज सुई घालून गाठीचा तुकडा काढला होता. गाठ साधी की वाईट, ते त्या तुकड्यावर ठरायचं होतं. रिपोर्ट आठ दिवसांनी.

"आठ दिवस लागतात ते लोकांना," नोंदसाहेब म्हणाले. "तू काळजी करू नकोस. माझ्या हातातलं काम आहे."

बायकोनं त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पदर सावरला. तिची नोंद त्यांनी स्वतः केली होती. शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं: नमुना पाठवला.

आता हा 'नमुना' शब्द लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ त्याचाच आहे.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळात संगणक आला तेव्हा कंपनीनं सांगितलं होतं की शिकण्यासाठी एक वेगळी, लुटुपुटूची प्रत मिळेल. तिच्यात काय हवा तो धुडगूस घाला. ती प्रत काही उघडली नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, काम चालू आहे. ते अजून चालू आहे. मग सगळे खऱ्या संगणकावरच शिकायला लागले, आणि शिकायला पेशंट हवा म्हणून कंपनीच्या माणसानं 'टेस्ट पेशंट' बनवायला घेतला. नोंदसाहेबांचा जीव खालीवर झाला. "टेस्ट? का, मराठीत शब्द मेलेत का?" त्यांनी त्याला खुर्चीवरून उठवला आणि स्वतः नोंद केली: नमुना पुरुष. मग नमुना स्त्री. मग नमुना बालक. पत्ता आणि मोबाइल दिल्याशिवाय नोंद पुढेच जाईना, म्हणून त्यांनी आपलाच पत्ता दिला, आपलाच नंबर दिला. त्या दिवशी टेस्टचं टेस्ट राहू दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण माणसाचा अभिमान आडवा येतो तो असा.

आणि मग नमुन्यांनी जो काही संसार थाटला, विचारू नका. प्रत्येक नवा डॉक्टर, प्रत्येक नवी नर्स त्यांच्यावर हात साफ करून घेई. नमुना स्त्री दोन वर्षांत बावीस वेळा बाळंत झाली. एकदा तर सकाळी जुळं झालं आणि दुपारी गर्भाशय काढलं. नमुना पुरुषाचा उजवा पाय तीनदा कापला. त्याचा रक्तगट दर सोमवारी बदलायचा. तो मेलाही दोनदा, आणि दुसऱ्यांदा मेला तेव्हा नोंदसाहेबांच्या मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या रुग्णाच्या निधनाबद्दल आम्ही शोक व्यक्त करतो. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?' बायकोनं तो वाचला आणि विचारलं, "कोण गेलं हो?" नोंदसाहेब म्हणाले, "कुणी नाही. नमुना." ती म्हणाली, "नमुना इथे बसलाय की."

हळूहळू तीन नमुन्यांचे तीस झाले, तिसाचे तीनशे. ज्याला त्याला आपापला नमुना हवा.

अधीक्षकांनी त्या मंगळवारी दुपारी नोंदसाहेबांपुढे आवाज चढवला नाही, तेच वाईट. "शुक्रवारपर्यंत सगळे नमुने साफ," ते म्हणाले. "गुरुवारी समिती येतेय. तिच्या हाती आकडे गेले आणि आपल्याकडे एका बाईला बावीस मुलं झालेली निघाली, तर मी काय सांगू? हवापाणी चांगलं आहे?"

नोंदसाहेबांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "तिकीट काढा."

"बाई, मला कुठे जायचं नाहीये."

"तक्रारीचं तिकीट, सर. नंबर मिळेल."

दोन दिवस तिकिटात गेले. तिसऱ्या दिवशी बाईंनी खुलासा केला की नोंद पुसता येत नाही. वैद्यकीय नोंद कायद्यानंच पुसता येत नाही. ती फक्त 'बाद' करता येते: कारण द्यायचं, दोन सह्या करायच्या, की तो माणूस कुठेच दिसत नाही, आणि त्याच्या नावावरच्या सगळ्या तपासण्या आपोआप रद्द होतात. एकेक नोंद बाद करायला सहा मिनिटं. नोंदसाहेबांनी कागदावर गुणाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"नाहीतर यादीनं बाद करा," बाई म्हणाल्या. "शब्द टाकून शोधायचं, यादी येते, एकदम बाद. पण सर, यादी नीट डोळ्यांखालून घाला हं."

"बाई," नोंदसाहेब म्हणाले, "तीस वर्षं मी याद्याच डोळ्यांखालून घालतोय."

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी शब्द टाकला: नमुना. संगणकानं विचारलं, नावात शोधू की सर्व रकान्यांत? आता लोकांनी नमुने कुठेकुठे दडवले असतील, काही भरवसा नाही, म्हणून नोंदसाहेबांनी सर्व रकान्यांत सांगितलं. यादी आली. चारशे बारा.

"तीनशेच्या आसपास होते ना?" सहायक बाईंनी विचारलं. दुसरी सही त्यांची होती.

"लोकांना सवयच आहे पसारा घालायची."

"शेवटची पानं बघितलीत?"

नोंदसाहेबांनी पहिली तीन पानं पाहिली. नमुना पुरुष, नमुना स्त्री, नमुना बालक, नमुना आजोबा, नमुना नको, नमुना नमुना. "शितावरून भाताची परीक्षा," ते म्हणाले, आणि बटण दाबलं. चारशे बारा माणसं चार सेकंदांत नाहीशी झाली. नोंदसाहेबांनी टेबल पुसलं, शिक्का डबीत ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा वेळेवर घरी गेले.

घरी सल्ल्यांचा पूर आला होता. गाठीची बातमी जिन्यानं चढते आणि प्रत्येक मजल्यावर थोडी फुगते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, गाठ दुखते का? दुखत असेल तर साधी, नसेल तर वाईट. खालच्या काकू म्हणाल्या, नेमकं उलट. मग दोघं तासभर त्यावर भांडले आणि जिची गाठ तिला चहा करायला उठावं लागलं. काकूंच्या जावेच्या बहिणीला अशीच गाठ होती आणि ती चरबीची निघाली. हेडमास्तरांच्या मेहुण्यांच्या ओळखीत एकीला अशीच होती आणि ती... इथे हेडमास्तर थांबले आणि बशीत पाहू लागले. "पण तुमचं काय," ते नोंदसाहेबांना म्हणाले, "तुम्ही घरचेच. रिपोर्ट खिशात घालून आणाल."

बुधवारी नोंदसाहेब खिसा घेऊन तपासणी विभागाच्या खिडकीशी गेले. खिडकीवरच्या माणसानं बायकोचा नंबर टाकला, पुन्हा टाकला, आणि म्हणाला, "असा पेशंट नाही."

"नाही कसा? मी स्वतः नोंद केलीय."

"होता. नमुना होता तो. बाद झालाय."

"अरे, नमुना म्हणजे, नमुना पाठवला होता तिचा!"

"तेच म्हणतोय मी, साहेब. नमुना पेशंट. शुक्रवारी आले ना तुमचेच आदेश? तपासणी रद्द, वस्तू नष्ट करावी." त्यानं कागद काढून दाखवला. खाली सही होती, आणि तिच्यात एकही वेलांटी चुकली नव्हती.

आतून भिंगवाले डॉक्टर आले. सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यामुळे माणसांकडेही ते एकच डोळा बारीक करून पाहत. त्यांनी यादी मागवली, शेवटची पानं काढली आणि मोजली. एकशे नऊ खरी माणसं. ज्यांच्या ज्यांच्या शेऱ्यात 'नमुना पाठवला' असं होतं ती सगळी. तसा शेरा लिहावा हे गेल्याच महिन्यातलं परिपत्रकही नोंदसाहेबांचंच. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे ओलं वेचून वेचून जाळलं होतं.

"बहात्तर जणांचे रिपोर्ट आधीच गेलेत, ते वाचले," डॉक्टर म्हणाले. "सदतीस बाटल्या होत्या."

"होत्या म्हणजे?"

"शनिवारी कचऱ्याच्या भट्टीत गेल्या. वहिनींची त्यांत होती." मग त्यांना वाटलं काहीतरी बरं बोलावं. "तुमचं नशीब, सुईनं काढलेला तुकडा होता. गाठ अजून जागेवर आहे. पुन्हा काढता येईल. चौघांची तर अख्खी गाठच कापून पाठवली होती. त्यांचं काय होतं, ते आता कुणालाच कळायचं नाही."

नोंदसाहेब धावतच अधीक्षकांकडे गेले. अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं. "उद्या समिती आहे," ते म्हणाले. "उद्याचा दिवस तोंडाला कुलूप. परवा फोन करा एकेकाला. सांगायचं, तांत्रिक कारणास्तव नमुना पुन्हा द्यावा लागेल. तांत्रिक. दुसरा शब्द नको. आणि वहिनींना परवा सकाळी पहिला नंबर लावून देतो."

आणि नोंदसाहेब 'बरं' म्हणाले. हे लपवण्यात अर्थ नाही. सदतीस माणसं वाट बघत होती आणि ते 'बरं' म्हणाले, कारण तीस वर्षांची खिडकी होती, पेन्शन दोन वर्षांवर होती, आणि बायकोचा नंबर पहिला होता. त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं की रिपोर्ट अजून तयार नाही. बायको 'हं' म्हणाली आणि हेडमास्तरांना रिकामा खिसा कळू नये म्हणून तिनं दार लवकर लावून घेतलं.

समिती आली, चहा प्यायली, संगणकात डोकावली. एकही नमुना नाही. समितीच्या अध्यक्षांनी शेरा लिहिला: नोंदी आरशासारख्या स्वच्छ. त्यांनी हस्तांदोलन केलं तेव्हा नोंदसाहेबांचा हात बर्फासारखा लागला, आणि अध्यक्षांना वाटलं माणूस भारावलाय.

त्या रात्री जेवण झाल्यावर नोंदसाहेबांनी विषय काढला. "उद्या सकाळी जरा यायचंय तुला. नमुना पुन्हा द्यावा लागेल. तांत्रिक कारणास्तव."

"तांत्रिक म्हणजे कोण हो?"

"कोण म्हणजे? कारण. तांत्रिक."

"कारण आपोआप होत नाही. कुणीतरी करतं. कोण ते विचारतेय मी."

शेवटी सगळं बाहेर आलं, नमुना पुरुषापासून भट्टीपर्यंत. बायको ऐकत राहिली. तिचा हात मधेच डाव्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला.

"म्हणजे तुम्ही मला बाद केलंत," ती म्हणाली.

"अगं, मला काय माहीत..."

"वाचलं असतंत तर माहीत झालं असतं. माझं नाव होतं ना त्या कागदावर? पंचेचाळीसाव्या पानावर का होईना, होतं ना?" तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाही राग आला. "दोन महिने मी गप्प बसले, तुमच्या त्या संगणकासाठी. आणि तुम्हाला शेवटचं पान उलटवेना!" मग नाक पुसून तिनं विचारलं, "बाकीच्या छत्तीस जणांना कळवलंत?"

"उद्या."

"बुधवारी कळलं तुम्हाला. आज गुरुवार."

ती उठून आत गेली, आणि त्या रात्री नोंदसाहेबांनी पहिल्यांदाच स्वतःचं अंथरूण स्वतः घातलं.

शुक्रवारी सकाळी तिनं पुन्हा सुई टोचून घेतली. पहिला नंबर तिनं घेतला नाही. रांगेत सतरावी बसली. नोंदसाहेब वर जाऊन फोनला बसले. एका आजोबांना कमी ऐकू यायचं. "तांत्रिक? नाही हो, आम्ही कुठल्या तांत्रिकाकडे गेलो नव्हतो. सरळ तुमच्याचकडे आलो." एक गृहस्थ पहिल्या सुईला बेशुद्ध पडले होते, ते दुसरीचं नुसतं ऐकून पडले, पुढचं त्यांच्या बायकोला सांगावं लागलं. एका घरी मुलीनं फोन उचलला. "बाबा रविवारी गेले," ती म्हणाली. "आता नमुना कुठून देऊ?" नोंदसाहेब 'तांत्रिक' म्हणायला गेले आणि अर्ध्यावर अडकले. पलीकडे ती वाट बघत होती, म्हणून ते 'माफ करा' म्हणाले. तिनं विचारलं, कशाबद्दल? तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिला. त्याची लाज त्यांना अजून वाटते.

पुढच्या आठवड्यात त्यांना एकाच टपालात दोन पत्रं आली. एक, स्वच्छ नोंदींबद्दल प्रशस्तिपत्र. दुसरं, कारणे दाखवा नोटीस. दोन्हींवर जावक शिक्का एकच आणि सही एकाच शाईची. हेडमास्तरांनी पहिलं वाचून पेढे मागितले, दुसरं वाचून पाणी मागितलं, आणि मग दोन्हींमधल्या व्याकरणाच्या चुका काढून दिल्या.

दुसऱ्या शुक्रवारी रिपोर्ट आला. भिंगवाल्या डॉक्टरांनी तो स्वतः आणून दिला, दोन्ही डोळे उघडे ठेवून. गाठ वाईट होती. "ऑपरेशन लगेच करून घेऊ," ते म्हणाले. "या दहा दिवसांनी काही फार बिघडत नाही, वहिनी." ते खरं होतं की नुसतं चांगुलपणाचं, हे नोंदसाहेबांनी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपला राहिलेला नाही, असं त्यांना वाटलं.

दोघं बाकावर बसली. नोंदसाहेबांना हुंदका आवरेना. खिडकीसमोरच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. बायको मात्र कागदाची घडी घालत, उलगडत बसली होती.

"रडणं पुरे," ती शेवटी म्हणाली. "मला रडायचंय, आणि दोघांनी एकदम रडून चालत नाही. फोन संपले का तुमचे?"

"चार राहिलेत."

"कुठले चार?"

"ज्यांची अख्खी गाठ काढली होती ते. त्यांना काय सांगू गं? पुन्हा द्या म्हणूनही सांगता येत नाही."

"आठ दिवस झाले. ते वाट बघतायत." तिनं त्यांच्या खिशातला मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. "लावा. इथेच. आणि ते तांत्रिक बिंत्रिक नको."

त्यांनी नंबर लावला. बाईमाणसाचा आवाज आला, घाईतला, मागे भांड्यांचा आवाज. "मी इस्पितळाच्या नोंदणी विभागातून बोलतोय. तुमच्या मानेवरची गाठ काढली होती, तिचा रिपोर्ट येणार नाही. ती गाठ माझ्या हातून नष्ट झाली. यादी न वाचता मी सही केली. चूक माझी आहे."

भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे ती कसली होती ते कळणारच नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाई."

"मग मी आता काय करू?" ती बाई म्हणाली. ओरडून नाही, दुकानात पत्ता विचारावा तसं विचारलं तिनं. "माझी मुलं लहान आहेत हो. मी काय समजून राहू?"

नोंदसाहेबांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून दोनदा 'हॅलो' आलं, तिसऱ्यांदा त्या आवाजाला कंप सुटला. तेव्हा बायकोनं त्यांच्या हातात आपला रिपोर्ट दिला आणि मोबाइल काढून कानाला लावला.

"फोन ठेवू नका बाई," ती म्हणाली. "मीही त्याच यादीतली आहे. तुमचं ऐकते मी, बोला."